कुल्फी कुणाची, कॉफी कुणाची?

मे महिन्याची दुपार होती. सोलापूरचं ऊन सोलापूरकरांना सांगायची गरज नाही आणि बाहेरच्यांना ते सांगून कळत नाही. शाळेला सुट्टी होती. मी पंख्याखाली बसून दहावीच्या जादा तासांसाठी टिपणं काढत होते. तेवढ्यात माझा भाचा, म्हणजे भावाचा मुलगा, दारात चपला भिरकावून आत आला आणि पाणीसुद्धा न पिता म्हणाला, "फुफी, कुल्फी अपनीच है ना?"

मला वाटलं, फ्रीजमध्ये ठेवलेली कुल्फी मागतोय. पण भानगड वेगळी होती. मैदानावर क्रिकेट खेळून झाल्यावर मुलांमध्ये वाद झाला होता. एका मित्राने मोबाईलवर आलेला मजकूर वाचून दाखवला, की मुघलांनी या देशाला काहीच दिलं नाही. आमच्या चिरंजीवांनी लगेच आमच्या नातेवाइकांच्या गटात फिरणारा दुसरा मजकूर काढला, की कुल्फी, आईस्क्रीम, कॉफी, सगळं मुसलमानांनीच शोधलं. त्यावर मित्र म्हणाला, "तुमच्या मुघलांचं कौतुक तुमच्याजवळच ठेव." बाकी सगळं भाच्याने ऐकून घेतलं असतं. त्याला झोंबला तो 'तुमच्या' हा शब्द.

मी उर्दू आणि मराठी, दोन्ही भाषा शिकवते. कुठला शब्द कुठून आला हे सांगणं माझ्या रोजच्या कामाचा भाग आहे. पण पंधरा वर्षांचा मुलगा चिडलेला असताना त्याला व्याख्यान देण्यात अर्थ नसतो, हे बी.एड.ला नाही तरी वर्गात उभं राहून शिकले आहे. म्हटलं, उद्या आपण कॉफीची कुल्फी करू. फ्रीजमध्ये नाही, जुन्या पद्धतीने, बर्फात आणि मिठात. तू साचे हलवायचे, मी बोलायचं. मग ठरव कुणाची ते.

दुसऱ्या दिवशी सकाळी दीड लिटर म्हशीचं दूध जाड बुडाच्या पातेल्यात आटायला ठेवलं. कुल्फीचं सगळं मर्म या आटवण्यात आहे. दुधात पाणी फार असतं आणि पाणी गोठलं की त्याचे खडे होतात. दूध निम्म्यावर आणलं की पाणी कमी होतं, साय आणि घट्टपणा वाढतो, आणि खडे मोठे व्हायला जागा उरत नाही. आईस्क्रीम गोठताना सतत घुसळतात, त्यात हवा भरते, म्हणून ते हलकं होतं. कुल्फी घुसळत नाहीत, म्हणून ती दाट आणि जड. दूध आटायला पाऊण-एक तास लागतो, उलथन्याने बूड खरवडत राहावं लागतं. तेवढ्या वेळात मी कॉफीची गोष्ट सुरू केली.

कॉफीचं झाड मूळचं इथिओपियाचं. पण तिचं पेय करून पिण्याचा जो पहिला खात्रीचा इतिहास आहे, तो येमेनचा, पंधराव्या शतकातला. तिथले सूफी रात्रीच्या जिक्रला बसत. झोप येऊ नये म्हणून ते कॉफी पीत. तिथून ती मक्केला आणि कैरोला गेली. अरबीत तिला 'कहवा' म्हणतात, आणि तिच्या बीला 'बुन'. जुन्या मराठीत कॉफीच्या बियांना 'बुंद' किंवा 'बुंददाणे' म्हणत, तो हाच बुन. 'कॉफी' हा शब्द मात्र तुर्कीतून युरोपात फिरून, इंग्रजाचा हात धरून आपल्याकडे आला. बुंद समुद्रमार्गे थेट आला आणि आपण तो विसरलो. कॉफी लांबून आली आणि तिचं नाव टिकलं.

भाचा म्हणाला, "म्हणजे कॉफी आपलीच."

मी म्हटलं, थांब. आता तुला न आवडणारा भाग ऐक.

१५११ सालची मक्का. ममलूक सुलतानांचं राज्य. तिथला अधिकारी खैर बेग याने एका रात्री मशिदीजवळ काही लोक दिव्याच्या उजेडात जमून काहीतरी पिताना पाहिले. चौकशी केली तर ती कॉफी निघाली. दुसऱ्या दिवशी त्याने शहरातले उलेमा बोलावले. ही हकिकत पुढे सोळाव्या शतकातच अल-जझीरी नावाच्या लेखकाने, कॉफी हलाल कशी हे सांगण्यासाठी लिहिलेल्या आपल्या पुस्तकात नोंदवली आहे.

त्या बैठकीत उलेमांनी एक महत्त्वाची गोष्ट मान्य केली होती. शरियतमध्ये कुठलीही वस्तू मुळात मुबाह, म्हणजे परवानगी असलेली धरतात. ती हराम ठरवायची तर पुरावा द्यावा लागतो, आणि तो देण्याची जबाबदारी मनाई करणाऱ्यावर असते. मग पुरावा म्हणून दोन हकीम उभे केले गेले. त्यांनी सांगितलं, कॉफी शरीराला घातक आहे. अडचण अशीही होती की जुन्या अरबीत 'कहवा' हा शब्द दारूसाठीही वापरला जाई, त्यामुळे नाव ऐकूनच काहींच्या कपाळाला आठ्या पडत. एका साक्षीदाराने जोशात येऊन सांगितलं, की कॉफी अगदी दारूसारखी चढते. त्याला विचारलं गेलं, तुला दारू कशी चढते हे कसं ठाऊक? बिचाऱ्याने प्यायल्याचं कबूल केलं आणि त्याची शिक्षा भोगली.

भाचा हसून हसून उलथनं विसरला आणि दूध बुडाला लागता लागता वाचलं.

मक्केत कॉफीवर बंदी आली. गोदामातला माल जाळला गेला. प्रकरण कैरोला सुलतानापर्यंत गेलं आणि तिथून जो हुकूम आला, त्यात आक्षेप होता तो लोक जमतात आणि तिथे नको ते प्रकार चालतात यावर. कॉफी हे पेय हराम आहे असं त्यात म्हटलं नव्हतं. मक्केतली बंदी फार टिकली नाही. पुढे १६३३ मध्ये इस्तंबूलमध्ये चौथ्या मुरादने कहवाखाने बंद करवले. हे फक्त मुसलमानांतच झालं असं कुणी समजू नये. १६७५ च्या अखेरीस इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स यानेही कॉफीखाने बंद करण्याचा जाहीरनामा काढला आणि लोकांचा विरोध पाहून काही दिवसांत मागे घेतला. तिन्ही ठिकाणी सत्तेला भीती होती ती कपभर काळ्या पाण्याची नव्हती. माणसं एकत्र बसतात, जागी राहतात, बोलतात, याची होती.

हे सांगताना मला माझी गोष्ट आठवली. तीही त्याला सांगितली, कारण त्याला ती ठाऊक नव्हती.

माझं बी.ए. झालं आणि बी.एड.साठी दुसऱ्या गावी, वसतिगृहात राहावं लागणार होतं. आमच्या नात्यातल्या एका बुजुर्गांनी घरी येऊन अब्बांना समजावलं, की मुलगी शिकली तेवढं पुरे, पुढचं जायज नाही. अब्बा यंत्रमागावर काम करणारे, चौथी शिकलेले. ते म्हणाले, "किताब में कहाँ लिखा है, दिखाओ." बुजुर्ग म्हणाले, तसं लिहिलेलं नाही, पण तिथे मुली कुणाबरोबर उठतात-बसतात, कुणी पाहिलंय? म्हणजे अडचण शिक्षणाची नव्हतीच. उठण्या-बसण्याची होती. पुढे अनेक वर्षांनी १५११ ची ती बैठक वाचली तेव्हा मला अब्बांचा तो प्रश्न आठवला. पुरावा मनाई करणाऱ्याने द्यायचा, हे चौथी शिकलेल्या माणसाला बरोबर कळलं होतं.

म्हणून मी भाच्याला म्हटलं, कॉफी 'आपली' म्हणायची असेल तर जरूर म्हण. पण मग येमेनचे सूफी जसे आपले, तसा खैर बेगही आपलाच. फक्त शोधाचा मान घ्यायचा आणि बंदीची जबाबदारी टाळायची, हे चालणार नाही.

दूध आता निम्म्यावर आलं होतं, रंग बदामी झाला होता. त्यात साधारण सव्वाशे ग्रॅम साखर घातली. कुल्फीत साखर थोडी चढी लागते, कारण थंडीने जिभेला गोडी कमी कळते. पण फार घातली तर मिश्रण नीट गोठतच नाही, मऊ राहतं. पातेलं उतरवून दूध कोमट होऊ दिलं आणि दोन मोठे चमचे झटपट कॉफी थोड्या गरम पाण्यात विरघळवून त्यात मिसळली. कॉफी दुधाबरोबर उकळायची नाही, कडवट होते. शेवटी जायफळ किसून घातलं. जायफळाची कॉफी ही आपल्या महाराष्ट्राची जुनी आवड. माझ्या वर्गमैत्रिणीच्या घरी तिची आजी पाहुण्यांना चहा न देता जायफळ घातलेली कॉफी द्यायची. कॉफीत जायफळ घालायला मी तिथे शिकले. आमच्या अम्मीच्या स्वयंपाकघरात वेलची चाले.

कॉफी भारतात कशी आली? याची एक परंपरा कर्नाटकात सांगतात. बाबा बुदन नावाचे सूफी हजहून येताना मोख्याच्या बंदरातून कॉफीच्या सात बिया लपवून घेऊन आले आणि त्यांनी त्या चिकमगळूरजवळच्या चंद्रद्रोण डोंगरात लावल्या. काळ सतराव्या शतकाचा सांगतात. तिथल्या गुहेला मुसलमान दादा हयात मीर कलंदर यांचं आणि हिंदू दत्तात्रेयांचं स्थान मानतात. दत्त म्हटल्यावर मराठी माणसाला वेगळं काही सांगायला नको. दोन्ही समाज जिथे पिढ्यानपिढ्या माथा टेकत आले, त्या जागेवरून गेली काही दशकं भांडण आणि कोर्टकचेऱ्या चालू आहेत. कॉफीच्या सात बिया मात्र सगळ्या देशाच्या झाल्या.

सात बियांची गोष्ट परंपरेची आहे, तिला कागद नाही. पण कॉफी पिण्याला कागद आहे. जहांगीरच्या दरबारी आलेला इंग्रज वकील सर टॉमस रो याच्याबरोबर एडवर्ड टेरी नावाचा पाद्री होता. त्याने लिहून ठेवलंय, की इथले धर्म कडक पाळणारे पुष्कळ लोक दारू पीत नाहीत, कॉफी पितात, आणि ती चवीपेक्षा प्रकृतीला बरी. पुढे अठराव्या शतकात निजामाबरोबर दिल्लीला गेलेल्या दर्गाह कुली खानाने तिथल्या चांदणी चौकातल्या कहवाखान्यांचं वर्णन केलं, जिथे शायर जमत आणि एकमेकांना शेर ऐकवत. हाच दर्गाह कुली खान नंतर औरंगाबादचा सुभेदार झाला. दिल्लीच्या कहवाखान्यांची आठवण आपल्यापर्यंत पोचली ती अशी एका दख्खनी माणसाच्या लेखणीतून.

आता मिश्रण गार झालं होतं. साच्यांत भरायची वेळ आली.

साचे माझ्या नानीच्या घरचे. पत्र्याचे, खाली निमुळते, वर झाकण. 'कुल्फी' हा शब्द फारसीतल्या 'कुल्फी'वरून आणि त्याच्या मुळाशी अरबी 'कुफ्ल', म्हणजे कुलूप. आपल्या मराठी कुलपाचंही मूळ तेच. झाकण लावून बंद केलेली, ती कुल्फी. मळलेली कणीक घेऊन झाकणाच्या कडेने लिंपायची, म्हणजे बर्फाचं खारं पाणी आत जात नाही. दहा साचे भरले. आठ मी लिंपले, दोन भाच्याने.

बर्फाच्या कारखान्यातून आणलेली पाच किलो लादी पोत्यात घालून फोडली. मोठ्या घमेल्यात बर्फाचा थर, त्यावर खडेमीठ, पुन्हा बर्फ, पुन्हा मीठ. तीन वाटे बर्फाला एक वाटा मीठ. बर्फ शून्य अंशाला वितळतो. मीठ मिसळलं की तो त्याहून खालच्या तापमानालाही वितळत राहतो, आणि वितळायला लागणारी उष्णता शेजारच्या वस्तूतून ओढून घेतो. प्रमाण बरोबर असेल तर हे मिश्रण उणे एकवीस अंशांपर्यंत खाली जाऊ शकतं. घरच्या घमेल्यात तेवढं होत नाही, पण दूध गोठायला पुरेसं होतं. साचे त्यात रोवले, वरून ओलं पोतं टाकलं आणि भाच्याला म्हटलं, आता तासभर हे साचे गोल गोल फिरवत राहा.

दहा मिनिटांत त्याची बोटं लाल झाली. "फुफी, बादशाहा लोग ऐसा खाते थे?"

बादशाह खात होते, मी म्हटलं, फिरवणारे दुसरे होते.

'आईन-ए-अकबरी'त कुल्फीची कृती आहे, असं आपल्या गटांमध्ये नेहमी फिरतं. मी अबुल फजलचं आबदारखान्याचं प्रकरण काढून वाचलं आहे. आबदारखाना म्हणजे बादशाहाच्या पाण्याचं खातं. त्यात पाणी थंड करण्याची कृती आहे. शेरभर पाणी धातूच्या सुरईत भरून तोंड बंद करायचं, दुसऱ्या भांड्यात पाच शेर पाण्यात अडीच शेर सोरा घालायचा आणि त्यात ती सुरई पाव तास फिरवायची. सोरा म्हणजे बंदुकीच्या दारूत पडणारा क्षार. तो पाण्यात विरघळताना पाणी थंड करतो. पुढे १५८६ च्या सुमारास बादशाहाचा मुक्काम लाहोरला असताना उत्तरेच्या डोंगरांतून बर्फ आणण्याची व्यवस्था झाली, तीही त्यात दिली आहे. होड्या, गाड्या, हमाल, सगळं. पण त्या प्रकरणात दूध आटवून गोठवल्याचा उल्लेख नाही. सोऱ्याची युक्तीसुद्धा अकबराच्या काळाहून जुनी. तेराव्या शतकात दमास्कसच्या इब्न अबी उसैबिया या हकिमाने आपल्या ग्रंथात ती नोंदवली आहे, तीही आणखी जुन्या लेखकाच्या हवाल्याने.

मग कुल्फीचा पुरावा कुठे? तो मला सापडला एका इंग्रज सेनाधिकाऱ्याच्या पत्रात. सर रॉबर्ट बार्कर कंपनीच्या फौजेत होता. अलाहाबादला आणि कलकत्त्याला त्याने बर्फ तयार करताना पाहिलं आणि १७७५ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात त्याची हकिकत छापून आली. तिथे हिमालय नाही, यंत्र नाही, तरी बर्फ. थंडीच्या दिवसांत उघड्या मैदानात दोन फूट खोल चौकोनी खड्डे करायचे. तळाला उसाची वाळकी चिपाडं किंवा मक्याची ताटं पसरायची. त्यावर उथळ, कच्च्या मातीच्या सच्छिद्र परळांत उकळून गार केलेलं पाणी संध्याकाळी भरून ठेवायचं. रात्री आकाश निरभ्र आणि वारा पडलेला असला की पहाटे परळांत बर्फ धरलेला असे. सूर्य उगवायच्या आत तो गोळा करून खोल, गवत आणि कांबळी लावलेल्या खड्ड्यात ठोकून भरायचा, म्हणजे उन्हाळ्यापर्यंत पुरे.

त्याच पत्रात बार्कर पुढे लिहितो, की सरबत किंवा साय-दूध गोठवायचं असेल तर ते चांदीच्या पातळ, निमुळत्या पेल्यांत भरतात, झाकण कणकेने लिंपतात आणि बर्फ, सोरा नि मीठ भरलेल्या मोठ्या भांड्यात ठेवतात.

भाच्याने हातातल्या साच्याकडे पाहिलं. निमुळता, झाकण लावलेला, कणकेने लिंपलेला. अडीचशे वर्षांत चांदीचा पत्रा झाला, एवढाच फरक.

"मग ते परळ भरणारे कोण होते?" त्याने विचारलं.

माझ्या मते सकाळपासून त्याने विचारलेला हा पहिला चांगला प्रश्न होता. त्यांची नावं नाहीत. बार्करने दिलेली नाहीत, अबुल फजलनेही दिलेली नाहीत. पौषातल्या पहाटे उघड्या पायांनी त्या खड्ड्यांत उतरून गारठलेल्या हातांनी बर्फ काढणारी माणसं. त्यांत हिंदू किती, मुसलमान किती, कोण सांगणार? एवढं मात्र नक्की, की त्यांनी काढलेला बर्फ त्यांच्या मुलांच्या ओठांना लागला नसेल.

आणि आपले पूर्वज? आपलं घर विणकरांचं. माझे पणजोबा हातमागावर बसत. मुघलांच्या आबदारखान्यात आपलं कुणी नव्हतं, तख्तावर तर नव्हतंच. दख्खनमध्ये परळांत बर्फ धरेल अशी थंडीही पडत नाही. तेव्हा 'तुमचे मुघल' म्हणणारा मित्र चुकला, आणि 'हो, आमचेच' म्हणून छाती काढणारा तूही चुकलास. बादशाहाचं नाव आपल्यासारखं असलं म्हणून त्याचं ताट आपलं होत नाही.

मग आपल्याकडे बर्फ आला कसा? अमेरिकेतून! बोस्टनचा फ्रेडरिक ट्यूडर नावाचा व्यापारी तिथल्या तळ्यांचा बर्फ कापून, लाकडाच्या भुशात दडपून जहाजांनी विकायचा. १८३३ मध्ये त्याचा बर्फ कलकत्त्याला आला. चार महिन्यांच्या प्रवासात पुष्कळ वितळला, तरी सुमारे शंभर टन उरला. पुढच्या वर्षी तो मुंबईत पोचला. सांगतात, की जमशेटजी जिजीभाईंनी मेजवानीत आईस्क्रीम दिलं तेव्हा यजमान आणि पाहुण्यांना सर्दी झाली, आणि 'मुंबई समाचार'ने त्यांची फिरकी घेतली. १८७० च्या दशकात मद्रास आणि कलकत्त्यात यंत्राने बर्फ होऊ लागला. हळूहळू अमेरिकेचा बर्फ यायचा बंद झाला आणि लादी गरिबाच्या आवाक्यात आली. डोक्यावर मडकं घेऊन घंटी वाजवत फिरणारा कुल्फीवाला आपल्या गल्लीत आला तो त्यानंतरच. आपल्या कुल्फीला बादशाहाइतकंच त्या बर्फाच्या कारखान्याचंही देणं आहे.

कॉफी आणि बर्फ एकत्र कधी आले, हेही त्याने विचारलं. कॉफी युरोपात गेली तशी सरबतही गेलं. अरबी 'शराब' आणि 'शरबत' यांच्याच कुळातून तिकडचा 'सॉर्बे' हा शब्द झाला. १६८६ मध्ये सिसिलीहून आलेल्या प्रोकोपियोने पॅरिसमध्ये कॅफे उघडलं. तिथे कॉफीही मिळे आणि बर्फाचे पदार्थही. १७६८ मध्ये एमी नावाच्या फ्रेंच माणसाने केवळ अशा गोठवलेल्या पदार्थांवर पुस्तक लिहिलं, त्यात कॉफीचाही प्रकार आहे. सिसिलीत आजही सकाळी कॉफीचा 'ग्रानिता' पावाबरोबर खातात. येमेनचे दाणे, सिसिलीचा माणूस, पॅरिसचं दुकान. आणि आपल्या मुंबईत १९३६ मध्ये चर्चगेटला पहिलं इंडिया कॉफी हाऊस उघडलं, तेव्हा बाबा बुदनच्या डोंगरातली कॉफी चार आण्यांवर जगणाऱ्या कारकुनालाही टेबलाशी बसून पिता यायला लागली.

तास झाला होता. साचे काढले, बाहेरून पाण्याने धुतले. हे धुणं विसरायचं नाही, नाहीतर उघडताना मीठ आत पडतं. कणीक खरवडून झाकणं काढली. साचा क्षणभर कोमट पाण्यात धरून ताटलीत उपडा केला की कुल्फी सुळकन बाहेर येते. रंग गुळाच्या चहासारखा, वरून जायफळाचा वास. आठ उत्तम झाल्या. दोन खारट. त्या कुणी लिंपल्या होत्या हे सांगायला नको. त्याने एक खारट कुल्फी निमूटपणे संपवली आणि म्हणाला, "कणीक पातळ झाली होती."

मग तो मूळ प्रश्नावर आला. मित्राला काय उत्तर देऊ?

मी म्हटलं, तुझ्याकडे आलेला मजकूर खोटा आहे आणि त्याच्याकडे आलेलाही खोटा आहे, हे आधी सांग. मुसलमानांनी सगळं शोधलं नाही. आणि या देशात येणाऱ्यांनी काही आणलंच नाही, हेही खरं नाही. कॉफी सूफींनी जागण्यासाठी प्यायली आणि आपल्यातल्याच काहींनी ती जाळली. गोठवण्याची युक्ती हकिमांच्या ग्रंथांतून, बादशाहांच्या पाणीखात्यातून, नावगाव नसलेल्या मजुरांच्या हातांतून, अमेरिकेच्या तळ्यातून आपल्यापर्यंत आली. जायफळ मला माझ्या मैत्रिणीच्या आजीने दिलं. यातलं एक काढून टाक आणि बघ आज ताटलीत काय उरतं.

उत्तर जरा लांब होतं, मलाही कळत होतं. मोबाईलवरचे मजकूर दोन ओळींचे असतात. खरं सांगायला तासभर साचे फिरवावे लागतात, आणि मैदानावर तेवढा वेळ कुणी देत नाही. आपल्या मुलांची ही खरी अडचण आहे. त्यांना रोज कुणीतरी 'तुमचे' म्हणून एका बाजूला उभं करतं, आणि घरातले गट त्यांना त्याच बाजूचा खोटा अभिमान पुरवतात. दोन्हीकडून त्यांच्या हाती येतं ते बादशाहांचं भांडण. अब्बांचा प्रश्न त्यांच्या हाती कुणी देत नाही. कुठे लिहिलंय, दाखवा. हा प्रश्न दुसऱ्याला विचारायचा, तसाच स्वतःच्या माणसांनाही विचारायचा.

भाच्याने चार कुल्फ्या पोत्यात गुंडाळून बर्फात परत रोवल्या. मग मित्राला फोन लावला. वाद जिंकल्याचं काही बोलला नाही. एवढंच म्हणाला, "घरी ये, कॉफीची कुल्फी केलीय. आणि उद्या परत करणार आहोत. उद्या तू फिरवायचं, माझी बोटं गेली."

पलीकडून तो काय म्हणाला ते मला ऐकू आलं नाही. पाव तासाने दारात चपलांचा आवाज आला. मी आणखी एक ताटली काढली आणि खारट उरलेली ती एक कुल्फी आधीच बाजूला सरकवून ठेवली.